बोनचें तळघर

आमच्या माजघरांत एक शिसवी फडताळ आहे. त्याच्या माथ्यावर, आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या घंगाळाशेजारीं, एक काळसर हिरवी बाटली अकरा वर्षें उभी होती. २०१३ सालीं आमच्या कन्येचा विवाह पुण्यास झाला, तेव्हां फ्रान्सहून आलेल्या आमच्या व्याह्यांनीं ती बरोबर आणिली होती. व्याही बर्गंडी प्रांतांतील बोन नांवाच्या गांवीं शाळामास्तर होते. त्यांचें सारें आयुष्य तेथेंच गेलें. बाटली आमच्या हातीं देतांना ते म्हणाले, "ही आमच्या गांवच्या उतारावरची, २००९ सालची तांबडी वाइन. साल फार चांगलें होतें. आतां मात्र उघडूं नका. आपणां दोघांचें नातवंड दहा वर्षांचें होईल, त्या दिवशीं एका घरांत बसून उघडूं."

तोंपर्यंत आमच्या घरीं मद्याची बाटली कधीं आलीच नव्हती. ती ठेवावी कोठें, हाच पहिला प्रश्न. देवघराच्या आसपास ठेवणें शक्य नव्हतें. बैठकीच्या खोलींत ठेवावी तर येणाराजाणाराची दृष्टि पडणार. सर्वांत उंच, सर्वांत दूर व पोराबाळांच्या हातीं न लागणारी जागा म्हणून फडताळाचा माथा पसंत केला. ती जागा पश्चिमेच्या भिंतीस लागून आहे व तिच्यावर थेट गच्ची तापते, हें त्या वेळीं कोणाच्याहि ध्यानीं आलें नाहीं. दर दसऱ्यास घर झाडतांना बाटली खालीं उतरवावी, पुसावी, आणि पुन्हा जागच्या जागीं उभी करावी, असा क्रम चालला होता. एखाद्या वस्तूची ह्याहून अधिक काळजी ती काय घ्यावयाची, असेंच आम्हां उभयतांस वाटे.

२०२४ च्या जून महिन्यांत नात दहा वर्षांची झाली. व्याही व विहीणबाई बोलल्याप्रमाणें पुण्यास आलीं. बूच काढावयाचा मळसूत्री स्क्रू भांड्यांच्या दुकानांतून मुद्दाम आणविला होता. बूच किंचित वर सरकलेलें व कडेनें चिकट झालेलें होतें. पेल्यांत जें उतरलें त्याचा रंग विटेसारखा तपकिरी होता, आणि वास उकळलेल्या मनुकांचा, मागून शिरक्याची झांक असलेला. व्याह्यांनीं पेला नाकाशीं नेला, क्षणभर तसाच धरिला, मग शांतपणें ओठास लाविला व शेवटच्या थेंबापर्यंत संपविला. "ह्या दिवसाची आम्ही फार वाट पाहिली," एवढेंच ते बोलले. आम्हीं शिष्टाचारापुरता घोट घेतला आणि मनांत म्हटलें, ह्यासाठींच का साऱ्या जगांत एवढें कौतुक चाललें आहे!

गेल्या वर्षीं, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरांत, आम्ही बोन येथें पंधरा दिवस राहून आलों. फडताळावरच्या बाटलीचें काय झालें होतें तें आम्हांस तेथें उमगलें. आज मुलें परदेशीं असलेलीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नाहींत. अशा घरीं एखादी बाटली कधीं भेट म्हणून येते, कधीं व्याह्यांच्या पंगतींत पेला पुढें होतो. म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहों. ज्या घरीं मद्य वर्ज्य आहे त्या घरानें तें वर्ज्यच ठेवावें. आम्ही कोणास प्यावयास सांगत नाहीं.

पॅरिसच्या लियाँ स्थानकावरून सुटलेली वेगवान गाडी दीड तासाच्या आसपास दिजाँ शहरीं पोंचते. तेथून साध्या गाडीनें बोन अवघें वीस मिनिटांवर. पण तीं वीस मिनिटें उजव्या खिडकीपाशीं बसून घालवावीं. पश्चिमेस एक लांबच लांब, बुटका डोंगर गाडीबरोबर धांवत असतो. आमच्या सह्याद्रीपुढें त्यास डोंगर म्हणावयासहि संकोच वाटेल. माथ्यावर झाडी, पायथ्याशीं सपाट शेतें, आणि मधल्या उतारावर ओळीनें लाविलेल्या द्राक्षवेली. आम्ही गेलों तेव्हां तोडणी आटोपली होती व पानें पिंवळीं पडलीं होतीं. ह्या उताराच्या नांवाचा अर्थ लोक 'सोन्याचा उतार' असा करितात. दुपारच्या तिरप्या उन्हांत तो खोटा वाटत नाहीं. नाशिककडील मंडपावर चढविलेले द्राक्षमळे पाहिलेल्या माणसास येथील वेली खुरट्या वाटतात. त्या जेमतेम कमरेएवढ्या उंच असतात.

बोन हें तटबंदीचें जुनें गांव आहे. गल्ल्या दगडी, घरें दाटीचीं, आणि पायांखालीं सर्वत्र पोकळी! जवळजवळ प्रत्येक जुन्या घराखालीं तळघर आहे. भिंतींच्या बुडाशीं, आपल्या घोट्याच्या उंचीवर, लोखंडी गजांचे लहान झरोके दिसतात. त्यांजवळून जातांना गार, ओलसर, अळंब्यांसारखा वास येतो. पहिल्या दिवशीं आम्हीं नाकास पदर व रुमाल लाविला. चौथ्या दिवशीं त्या वासावांचून गल्ली ओकीबोकी वाटूं लागली.

गांवाचें मुख्य भूषण मात्र मद्यालय नसून रुग्णालय आहे. बर्गंडीच्या ड्यूकचा प्रधान निकोला रोलाँ व त्याची पत्नी गीगोन द सालँ ह्या दांपत्यानें १४४३ सालीं हें 'ओतेल-द्यू' स्थापिलें. दीर्घ युद्धानें व रोगराईनें प्रजा कंगाल झाली होती. गोरगरिबांस शेवटीं तरी डोक्यावर छप्पर व अंगावर स्वच्छ पांघरूण मिळावें, हा हेतु. १४५२ च्या पहिल्या जानेवारीस पहिला रोगी आंत आला, आणि १९७१ पर्यंत ह्या इमारतींत रोग्यांची सेवा चालू होती. अंगणांत उभें राहून वर पाहावें तों छपरावर पिंवळ्या, तांबड्या, हिरव्या व तपकिरी चकचकीत कौलांची पैठणीसारखी नक्षी! आंत एक विशाल दालन आहे. दोहों बाजूंस तांबडे पडदे लाविलेल्या लांकडी खाटा ओळीनें मांडलेल्या आहेत. टोंकास पूजास्थान. रोग्यानें पडल्यापडल्या प्रार्थना ऐकावी अशी योजना. पूर्वीं तेथेंच रोगीर व्हान डर वेयडन ह्या चित्रकाराचें 'अंतिम निवाडा' हें घडीचें भव्य चित्र होतें. आतां तें शेजारच्या खोलींत जपून ठेविलें आहे.

मग ह्या धर्मकृत्याचा द्राक्षांशीं काय संबंध? संबंध असा कीं, पांचशें वर्षांत अनेक भाविकांनीं मृत्युपत्रानें आपले मळे ह्या रुग्णालयास दान दिले. आपल्याकडे देवस्थानास जमिनी इनाम मिळत, तसेंच हें. आज रुग्णालयाच्या मालकीची सुमारें ६० हेक्टर द्राक्षभूमि आहे. तिच्यांतून होणारी नवी वाइन १८५९ पासून दर वर्षीं लिलावानें विकतात; हा लिलाव आतां नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं होतो. विक्री पिंपावर, आणि एक पिंप २२८ लिटरांचें. त्यांतील एक पिंप खास धर्मादाय कार्यासाठीं राखलेलें असतें. २०२२ सालीं तशा एका पिंपास ८ लाख १० हजार युरो आले. लिलावाचा पैसा आजच्या नव्या रुग्णालयाच्या कामीं येतो. मद्यानें घरें बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत; मद्यावर रुग्णालय उभें राहिलेलें प्रथमच पाहिलें. दोन्ही गोष्टी एकाच वस्तूच्या पोटीं निघाव्या, ह्याचें नवल करीत आम्ही त्या अंगणांत बराच वेळ बसलों होतों.

दुसऱ्या दिवशीं व्याह्यांनीं आम्हांस मळ्यांत नेलें. शाळामास्तर निवृत्त झाला तरी शिकविण्याचें सोडीत नाहीं, हें सर्व देशांत सारखेंच दिसतें. त्यांनीं प्रथम एक काळें द्राक्ष आमच्या हातावर चिरडलें. तोडणींत चुकून राहिलेला तो घोंस होता. रस पाण्यासारखा पांढरट निघाला! तांबडा रंग सालींत असतो. म्हणून तांबडी वाइन करतांना रस सालीसकट आंबवितात, आणि रंगाबरोबर सालींतला तुरटपणाहि उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तोच हा तुरटपणा. नवख्या माणसास तांबडी वाइन 'कडू' लागते ती बहुधा ह्याच गुणामुळें. कांहीं वर्षांनीं हाच तुरटपणा मऊ होतो, म्हणून कांहीं थोड्या वाइन जपून ठेवितात. 'कांहीं थोड्या' ह्या शब्दांवर व्याह्यांचा फार जोर होता. जगांत होणाऱ्या बहुतेक साऱ्या वाइन एकदोन वर्षांत, फार तर चारपांच वर्षांत, संपविण्यासाठींच केलेल्या असतात. जुनी ती सर्व चांगली, ही समजूत लोणच्यास लागू पडेल, वाइनीस नाहीं.

मग निवड कशी करावी? बोनच्या बाटलीवर द्राक्षाच्या जातीचें नांव बहुधा नसतेंच. असतें तें जागेचें. तांबडी असेल तर जात पिनो न्वार, हें गृहीतच. आपण बाजारांत 'देवगड' किंवा 'रत्नागिरी' म्हणतों, तेव्हां 'हापूस' म्हणण्याची गरज राहत नाहीं, तशांतलें हें. पिनो न्वारची मिरास येथें जुनी आहे. १३९५ सालीं ड्यूक फिलिप ह्यानें गामे नांवाची भरघोस पिकणारी दुसरी जात उपटून टाकण्याचा हुकूम काढिला होता. ह्या उतारावर जागांचे निरनिराळीं नांवें असलेले १२४७ तुकडे मोजले आहेत, आणि २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. पायथ्याच्या सपाटींतली वाइन साऱ्या प्रांताच्या नांवानें विकली जाते. तिच्यावर गांवाच्या नांवाची. तिच्यावर 'प्रथम श्रेणी'. आणि उताराच्या ऐन मध्यावर, जेथें पाणी सांचत नाहीं व ऊन सरळ पडतें, तेथें 'महान श्रेणी'. एका अरुंद सडकेच्या अलीकडील व पलीकडील वाइनींच्या किंमतींत दहापट अंतर! व्होन-रोमाने गांवीं आम्हीं रोमाने-काँतीचा मळा पाहिला. पुरे दोन हेक्टरहि नाहीं. एक दगडी क्रूस, एक बुटकी भिंत, आणि आंत पाऊल टाकूं नये अशी विनंति. येथील एका बाटलीच्या किंमतींत पुण्यास मुलीचें लग्न होईल, असा हिशेब आम्हांपैकीं एकीनें तेथल्या तेथें मांडून दाखविला.

पण केवळ जागेच्या नांवानें भुलूं नये, हा धडा क्लो द व्हूजो येथें मिळाला. सीतो मठाच्या साधूंनीं मध्ययुगांत सुमारें ५० हेक्टरांचा हा मळा भिंत घालून एकसंध राखला होता. १७८९ च्या राज्यक्रांतीनें तो मठाच्या हातून गेला. पुढें विक्री झाली आणि वांटण्या होत गेल्या. आज त्याच एका भिंतीच्या आंत सुमारें ८० मालक आहेत. एखाद्याच्या वांट्यास दोनचार ओळीच. आमच्या कोंकणांतील सातबाराचा उतारा ज्यानें पाहिला आहे त्यास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. प्रत्येकाच्या बाटलीवर जागेचें नांव तेंच, पण कोणी जीव ओतून करितो, कोणी नांवावर विकतो. म्हणून व्याह्यांचा नवख्यांस उपदेश असा : मोठ्या जागेची सुमार बाटली घेण्यापेक्षां साध्या जागेची, पण चांगल्या कर्त्याची घ्यावी. नुसतें 'बर्गंडी' असें लिहिलेली, तीनचार वर्षांमागची, पंधरावीस युरोंची बाटली नवशिक्यास पुरे. दुकानदारास आपलें अज्ञान व आपली ऐपत दोन्ही प्रांजळपणें सांगावीं, म्हणजे तो फसवीत नाहीं. ह्या शेवटच्या वाक्याबद्दल आमचा अनुभव निराळा आहे. पण आमचा अनुभव कापडाच्या दुकानांतला.

आतां तळघर.

व्याह्यांच्या घराच्या स्वयंपाकघरांतून चौदा दगडी पायऱ्या खालीं उतरतात. खालीं वांकून जावें लागतें. कमानदार छत, मातीची भुई, एक मंद दिवा. भिंतीशीं लांकडी घडवंच्यांवर बाटल्या आडव्या निजविलेल्या, त्यांवर धूळ. आम्हीं सहज विचारलें, "ह्या उभ्या कां करीत नाहीं?" व्याह्यांनीं एक बाटली न हलवितां तिच्या तोंडाशीं दिवा धरिला. "बूच आंतून ओलें राहिलें पाहिजे. बूच म्हणजे ओक जातीच्या झाडाची साल. बाटली उभी ठेविली तर तें हळूहळू सुकतें, आकसतें, आणि हवा आंत शिरते. हवा शिरली कीं शिरका होतो." मग भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट दाखविलें. पारा १२ अंशांवर. "हिवाळ्यांत अकरा, उन्हाळ्यांत तेरा. ह्यांत वाइन झोंपून राहते. पंचवीस अंशांवर तिची झोंप उडते. तीसच्या वर चढवा, कीं ती एका वर्षांत दहा वर्षांनीं म्हातारी होते. पातळ पदार्थ फुगतो, बूच वर ढकलतो, आणि तीच फट."

बूच वर सरकलेलें होतें. कडेनें चिकट होतें. विटेचा रंग, उकळलेल्या मनुकांचा वास! आम्ही एकमेकांकडे पाहिलें. पुण्याचे अकरा उन्हाळे, चाळीस अंशांचे, पश्चिमेची भिंत, तापलेली गच्ची, आणि दर दसऱ्यास पुसून उभी केलेली ती बाटली डोळ्यांपुढें आली. आमचे मित्र दहा वर्षें ज्या दिवसाची वाट पाहत होते तो दिवस आम्हीं आपल्या हातानें शिजविला होता. आणि त्यांनीं तो पेला आमच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकिला होता! त्या वेळीं बोलावें असें फार वाटलें. पण कन्या व जांवई मागें उभीं होतीं, नात घडवंच्या मोजीत होती, आणि व्याही उत्साहानें पुढचें सांगत होते. आम्ही गप्प राहिलों.

पुढचें होतें तेंहि लिहून ठेवितों, कारण तें उपयोगाचें आहे. उजेड नको, कारण उजेडानें चव बिघडते. धक्के नकोत. कांद्यालसणाचा किंवा रॉकेलचा वास जवळ नको. हवा थोडी दमट असावी, म्हणजे बूच बाहेरूनहि सुकत नाहीं. आणि तापमान बारा असो कीं पंधरा, तें वरखालीं होतां कामा नये. चढउतार हाच मोठा शत्रु. आमच्या वडिलांच्या काळीं धान्याचें बळद असे, लोणच्याच्या बरण्या काळोख्या कोठींत असत. तो न्याय येथें तंतोतंत लागू पडतो. दख्खनच्या उन्हाळ्यांत तळघरावांचून वाइन सांठविण्याच्या भरीस पडूंच नये. भेट आली तर त्याच हिवाळ्यांत मार्गी लावावी, अगर दोनचार महिने फ्रिजच्या खालच्या खणांत आडवी ठेवावी. फ्रिजहि कायमची जागा नव्हे. तेथें हवा फार कोरडी असते.

बाटल्यांत वाइन नासते कशी, ह्याचा शास्त्रीय शोध लुई पाश्चर ह्यांनीं लाविला, आणि पाश्चर ह्यांचें जन्मगांव दोल हें बोनपासून फार दूर नाहीं. बादशहा तिसऱ्या नेपोलियननें १८६३ सालीं सांगितल्यावरून त्यांनीं वाइनीच्या रोगांचा अभ्यास केला व १८६६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्म जंतु मारण्यासाठीं वाइन बंद ठेवून थोडा वेळ पन्नाससाठ अंशांपर्यंत तापवावी, ही त्यांची युक्ति. आज आपल्या दारीं दूध ज्या प्रक्रियेनें येतें, तिचा उगम असा वाइनींत आहे.

रात्रीं जेवण होतें. विहीणबाईंनीं आमच्यासाठीं अळंब्या, बटाटे व मसुरांचा शाकाहारी बेत केला होता. शाकाहाराचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगून टाकितों, जी आम्हांस पूर्वीं कोणीं सांगितली नव्हती. तांबडी वाइन निवळ करण्यासाठीं पिंपांत अंड्याचा पांढरा बलक घालण्याची रीत जुनी आहे. बलक गाळास धरून तळाशीं बसतो व वरची वाइन काढून घेतात. सगळेच तसें करीत नाहींत. ज्यांस हें चालत नाहीं त्यांनीं चिठ्ठी वाचावी, किंवा घेतांना विचारावें.

व्याह्यांनीं सकाळींच तळघरांतून एक बाटली आणून उभी करून ठेविली होती. जुनी बाटली उघडण्यापूर्वीं कांहीं तास उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशीं बसतो. मग हलक्या हातानें ओतावी व शेवटचा दोन बोटें भाग बाटलींतच राहूं द्यावा. पेला मोठा, पोटास फुगीर, तोंडाशीं निमुळता. भरावयाचा मात्र जेमतेम एक तृतीयांश. उरलेली जागा वासासाठीं असते. पेला दांड्यास धरावा, म्हणजे तळहाताची ऊब लागत नाहीं. 'तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेवर द्यावी' हें वाक्य सर्वत्र ऐकूं येतें, पण तें शेगडीवांचूनच्या जुन्या फ्रेंच घरांतलें आहे. त्या खोल्या सोळासतरा अंशांच्या. पुण्याची खोली तीस अंशांची! तेव्हां आपल्याकडे तांबडी वाइनहि अर्धा तास फ्रिजमध्यें ठेवूनच पुढें करावी. ऊन झालेल्या वाइनींत मद्यार्क तेवढा नाकांत चढतो, बाकी सर्व बुजतें. उघडलेली बाटली उरली तर बूच पुन्हा बसवून फ्रिजमध्यें ठेवावी. दोनतीन दिवस ती धड राहते. बूच काढल्यावर भिजल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर तो बुचाचा दोष. बाटली परत करण्यांत संकोच नको.

आमच्या जेवणाशीं तिचें कितपत जमेल, ही शंका आम्हांस होती. तिखटाशीं जमत नाहीं, हें स्वानुभवानें सांगतों. मिरचीचा जाळ व तुरटपणा एकमेकांस चेव आणितात. पुरणपोळीबरोबर ती आंबट लागेल. वांग्याच्या भरताशीं, मिरची बेताची असल्यास, बरी लागावी.

प्रमाणाविषयीं व्याह्यांचें घर आमच्या कल्पनेहून कडक निघालें. जेवणावांचून पेला नाहीं, दुसऱ्यानंतर तिसरा नाहीं, आणि नातीस काळ्या मनुकांचें सरबत. पूर्वीं असें नव्हतें. फ्रान्सांतील शाळांत चौदा वर्षांखालील मुलांस जेवणाबरोबर मद्य देण्यास बंदी झाली ती १९५६ सालीं! तेव्हांपासून त्या देशांत माणशीं वाइनीचा खप निम्म्याहून खालीं आला आहे. तांबडी वाइन हृदयास हितकर, असा एक सूर मधल्या काळांत फार ऐकूं येई. पण २०२३ च्या जानेवारींत जागतिक आरोग्य संघटनेनें मद्याचें कोणतेंहि प्रमाण निर्धोक नाहीं असें स्पष्ट सांगितलें. कर्करोगाच्या कारणांत मद्याची गणना तर त्यापूर्वींच झाली होती. तेव्हां औषध म्हणून कोणी ह्या वाटेस जाऊं नये. आपल्याकडेहि द्राक्षमद्य अगदीं अपरिचित नव्हतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्याचा उल्लेख असून, कापिशी प्रांतावरून त्याच्या एका प्रकारास 'कापिशायन' म्हणत. जागेच्या नांवानें मद्य ओळखण्याची ही रीत ऐकून व्याही फार खुश झाले व त्यांनीं तो शब्द तीन वेळां म्हणवून घेतला.

मग त्यांनीं बाटलीचें बूच काढलें. चिठ्ठी आम्हीं ओळखली. तोच मळा, तेंच २००९ साल. त्यांनीं त्या वर्षीं बारा बाटल्या घेतल्या होत्या. आमची ती त्यांतलीच एक. पेल्यांतला रंग अजून माणकासारखा तांबडा, कडेस मात्र किंचित नारिंगी. आम्हांपैकीं एकीनें वासावरच समाधान मानिलें; दुसऱ्यानें दोन घोट घेतले. पिकलेल्या करवंदांचा, पावसानंतरच्या वाळल्या पानांचा वास. जिभेवर तुरटपणा होता, पण धुतलेल्या जुन्या रेशमासारखा मऊ. पुण्यास जें प्यालों होतों त्याचें व ह्याचें कुळ एकच, ह्यावर विश्वास बसेना.

जेवण आटोपल्यावर व्याह्यांनीं तळघराची वही आणिली. प्रत्येक बाटलीस एक ओळ : साल, जागा, उघडल्याची तारीख, कोणाबरोबर, आणि शेवटच्या रकान्यांत चवीविषयीं दोनचार शब्द. चाळीस वर्षांच्या त्या वहींत एकहि शेवटचा रकाना मोकळा नव्हता. २००९ च्या पानावर आमची ओळ सांपडली. तारीख होती, 'पुणें' होतें, घरांतल्या सर्वांचीं, अगदीं स्वयंपाकाच्या मावशींचेंसुद्धां, नांव होतें. चवीचा रकाना तेवढा कोरा.

आजच्या ओळींत चार शब्द लिहावे म्हणून व्याह्यांनीं लेखणी आमच्या हातीं दिली. आम्हीं आजची ओळ तशीच सोडली आणि त्या कोऱ्या रकान्यांत मराठींत लिहिलें : "आमच्या उन्हाळ्यानें नासली." व्याह्यांनीं कन्येस अर्थ विचारला. तिनें तो फ्रेंचमध्यें सांगितला. त्यांनीं ओळ पुन्हा एकदां पाहिली, आमच्या हातून लेखणी घेतली, आणि त्याखालीं आपल्या भाषेंत कांहीं लिहूं लागले. तें काय, हें आम्हीं विचारलें नाहीं. कन्येनेंहि सांगितलें नाहीं.